दोन गावांतले बुजुर्ग आणि एक संयुक्त खाते

व्यापारी माणसाला हिशेबाची सवय असते. कोणत्या दलालाकडे किती ताके गेले, कोणाचे पेमेंट किती दिवस थकले, हे आपल्याला वही न उघडता सांगता येते. परंतु घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे पैसे कुठे आहेत, कोणाच्या सहीने निघतात आणि उद्या तो माणूस अंथरुणाला खिळला तर काय होईल, हे विचारले तर आपल्यापैकी बहुतेकजण गप्प बसतील. मीही त्यातलाच होतो. गेल्या पावसाळ्यात माझ्यावर जी वेळ आली तिच्यातून जे शिकलो, ते वाचक बंधूंच्या उपयोगी पडेल म्हणून येथे लिहीत आहे.

माझे चाचा मालेगावात राहतात, वय ७८. फुफी लग्न होऊन सोलापुरात गेली ती तिथलीच झाली, वय ७४. मी भिवंडीत कापडाचा व्यापार करतो. दादा वारल्यावर राहते घर माझ्या अब्बांच्या वाट्याला आले आणि मालेगावचा मागांचा गाळा चाचा व फुफी या दोघांच्या वाट्याला आला, शरीयतप्रमाणे दोन हिस्से भावाचे व एक हिस्सा बहिणीचा. गाळा भाड्याने दिलेला आहे. महिन्याचे भाडे ९,००० रुपये. त्यातून घरपट्टी व दुरुस्तीसाठी १,५०० रुपये बाजूला काढून उरलेल्या ७,५०० पैकी ५,००० चाचांचे आणि २,५०० फुफीचे.

भाडे चाचांच्या एकट्याच्या खात्यात जमा होत असे. कोणी सोलापूरला निघाले की चाचा फुफीचे पैसे पाकिटात घालून पाठवीत. एवढ्या वर्षांत एक रुपयाची तक्रार झाली नाही. चाचांचा हिशेब चोख होता, पण तो सगळा चाचांच्या डोक्यात होता.

चाचा ओट्यावरून घसरून पडले. खुब्याचे हाड मोडले. नाशिकला ऑपरेशन झाले आणि दोन महिने ते बिछान्यावर होते. भाडे खात्यात येत होते, पण काढणार कोण? एटीएमचा आकडा त्यांनाच माहीत आणि गुंगीच्या औषधांमुळे तो त्यांना आठवेना. चेकवर सही करायला हात स्थिर नाही. नेमके त्याच वेळी फुफीच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले. तिचे स्वतःचे हक्काचे पैसे बँकेत पडून, आणि ती मुलीकडे हात पसरते आहे! दवाखान्याचा खर्च आम्ही भाऊबंदांनी केला, तो करायलाच हवा होता. परंतु फुफी फोनवर एवढेच म्हणाली, ‘बेटा, खैरात नको, माझे आहेत ते मिळू देत.’ ते शब्द माझ्या मनाला फार लागले.

भाडेकरू दोन ठिकाणी भाडे भरायला तयार नव्हता. करार एक, पावती एक. शिवाय घरपट्टीही त्यातूनच जायची. तेव्हा दोघांच्या नावाने एक संयुक्त बचत खाते उघडायचे ठरले. माझा मुलगा म्हणाला, ‘अब्बा, आता हे मोबाइलवर दहा मिनिटांत होते.’ प्रत्यक्षात पाच आठवडे लागले. ते का लागले हेच सांगण्यासारखे आहे.

मोबाइलवर काय होते, काय होत नाही

जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना व्हिडिओद्वारे ग्राहकाची ओळख पटवून घेण्याची मुभा दिली. बँकेचा अधिकारी मोबाइलवर समोर येतो, चेहरा पाहतो, आधार व पॅन तपासतो, काही प्रश्न विचारतो, आणि हे सगळे ध्वनिचित्रमुद्रित होते. अशा रीतीने उघडलेले खाते शाखेत जाऊन उघडलेल्या खात्याइतकेच पक्के असते.

दुसरा प्रकार निव्वळ आधारच्या ओटीपीवर उघडणाऱ्या खात्याचा. ते झटपट उघडते, पण त्याला मर्यादा आहेत. त्या ग्राहकाच्या खात्यांत मिळून १ लाखापेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही, आर्थिक वर्षात २ लाखांपेक्षा जास्त जमा करता येत नाही, आणि वर्षाच्या आत पूर्ण ओळख तपासणी करून घ्यावी लागते. जाहिरातीत ‘दोन मिनिटांत खाते’ असे असेल तर ते कोणत्या प्रकारचे आहे हे आधी विचारा.

आता मुख्य गोष्ट. व्हिडिओवरचे खाते बहुतेक बँकांत एकाच माणसाच्या नावावर उघडते. दुसरे नाव नंतर जोडावे लागते, आणि त्यासाठी दोघांच्या सह्यांचा अर्ज व दुसऱ्या माणसाची वेगळी तपासणी लागते. काही बँका हेही ऑनलाइन करतात, काही शाखेतच बोलावतात. आम्ही हे न विचारता सुरुवात केली आणि पहिला आठवडा त्यातच गेला.

जुना नंबर, झिजलेली बोटे

ओटीपी हा आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो. चाचांच्या आधारला जो नंबर होता तो दहा वर्षांपूर्वी त्यांच्या कारखान्यात मुकादम असलेल्या माणसाचा निघाला! तो माणूस कधीच गाव सोडून गेला. आपल्या वस्त्यांत हे सर्रास आहे. आधारचे कार्ड काढताना जो जवळ उभा होता त्याचा नंबर लिहिला गेला. हा नंबर आधार केंद्रात जाऊन बदलता येतो. परंतु २०२१ पासून पोस्टमनमार्फत घरबसल्याही ही सोय सुरू झाली आहे. चाचा उठू शकत नव्हते, म्हणून मालेगावच्या पोस्टात चौकशी केली. चार दिवसांनी पोस्टमन यंत्र घेऊन घरी आला.

यंत्रावर चाचांचे बोट उमटेना. ज्याने पन्नास वर्षे मागावर तुटलेले धागे जोडले त्याच्या बोटांवर रेषा कुठून राहणार? फुफीचेही तेच. तिने उमर विडीची पाने वळण्यात घालवली. आपल्या कारागीर बांधवांनी लक्षात ठेवावे की एक बोट लागले नाही तर दुसरे लावून पाहता येते, हात धुऊन कोरडे करून पाहता येते. बँकेत बोटे लागलीच नाहीत तर चेहऱ्यावरून किंवा ओटीपीवरून ओळख पटवण्याची सोय आहे का ते विचारावे. चाचांचे डाव्या हाताचे मधले बोट एकदाचे लागले. फुफीचे एकही लागले नाही. तिचे काम पुढे ओटीपीवर झाले.

नावाचा घोळ

तिसरी अडचण नावाची. एका कागदावर मोहम्मद पूर्ण, दुसऱ्यावर त्याचे दोनच अक्षरांत संक्षेप. शेख हा शब्द कुठे नावाआधी, कुठे नावानंतर. बायकांचे तर विचारू नका. एका कार्डावर नावापुढे बी, दुसऱ्यावर बानू, तिसऱ्यावर बेगम, आणि मधले नाव कुठे बापाचे तर कुठे नवऱ्याचे. माणसाला कळते की बाई एकच आहे, यंत्राला कळत नाही.

फुफीच्या आधारवर नवऱ्याचे नाव आणि पॅनवर वडिलांचे होते. पॅनवर वडिलांचे नाव असणे चूक नाही, पण तिचे स्वतःचे नावही इंग्रजी अक्षरांत दोन तऱ्हांनी लिहिलेले होते. पॅनमध्ये दुरुस्ती करून घ्यावी लागली, त्यात दोन आठवडे गेले. माझी सर्व वाचकांना विनंती आहे की आजच घरातल्या बुजुर्गांचे आधार, पॅन आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. हे काम गरज पडण्याआधी फुरसतीने होते. गरज पडल्यावर ते डोकेदुखी होते.

सहीचाही प्रश्न येतो. चाचा व फुफी दोघेही उर्दूत सही करतात. उर्दू सही चालते, ती नाकारण्याचे कारण नाही. मात्र काही बँका अशा वेळी ‘मजकूर मला माझ्या भाषेत समजावून सांगितला’ असे लिहून घेतात. ते योग्यच आहे, पण खरोखर समजावून सांगितल्यावरच सही करू द्या.

मागून उत्तर सांगू नका

व्हिडिओ तपासणीच्या दिवशी चाचांना उशीला टेकवून बसवले. त्यांना ऐकू कमी येते. पलीकडून अधिकारी बाईंनी जन्मतारीख विचारली. चाचा थबकले. माझ्या मुलाने मागून हळूच तारीख सांगितली. त्या बाईंनी ताबडतोब तपासणी थांबवली आणि अर्ज नामंजूर झाल्याचा संदेश आला.

पोराला राग आला. मला मात्र नंतर नियम कळला तेव्हा त्या बाईंचे बरोबर वाटले. ग्राहकाला कोणी बाजूने उत्तरे शिकवताना दिसले तर अर्ज नामंजूर करावा असाच रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. विचार करा, आज माझा मुलगा चांगल्या हेतूने बोलला. उद्या एखादा लबाड नातेवाईक म्हाताऱ्याच्या मागे उभा राहून त्याच्या नावाने खाते उघडील, तेव्हा त्याला अडवणार कोण?

दुसऱ्या वेळी आम्ही चाचांना कानाला लावायचे यंत्र दिले, खोलीत उजेड केला, कोरा कागद, पेन व मूळ पॅन कार्ड हाताशी ठेवले आणि सगळे बाहेर जाऊन बसलो. चाचांनी एकट्याने उत्तरे दिली. दोन दिवसांनी खाते सुरू झाले. व्हिडिओवर उघडलेले खाते बँकेत अंतर्गत तपासणी झाल्याशिवाय चालू होत नाही, म्हणून हे दोन दिवस. मोतीबिंदूचे किंवा लकव्याचे जे रुग्ण सांगितल्याबरोबर डोळे मिटू शकत नाहीत त्यांनीही निराश होऊ नये. अपंग व्यक्तींना ही ऑनलाइन तपासणी करता आली पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी दिलेला आहे.

दुसरे नाव कसे जोडले

फुफीला सोलापूरहून मालेगावला आणणे शक्य नव्हते. त्याच बँकेची शाखा सोलापुरात होती. आम्ही मालेगाव शाखेच्या व्यवस्थापकांना विचारले. त्यांनी सांगितले की फुफीने सोलापूर शाखेत मूळ कागद दाखवून सही करावी, ती शाखा तपासून कागद इकडे पाठवील. फॉर्म आधी चाचांच्या सहीने सोलापूरला गेला, तिथून फुफीच्या सहीने परत आला. चाचांची सही घ्यायला बँकेचा माणूस घरी आला. ७० वर्षांवरील व आजारी ग्राहकांना घरपोच सेवा द्यावी असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये बँकांना सांगितले आहे. रोकड पोहोचवणे, कागद नेणे ही कामे त्यात येतात. आपण मागत नाही म्हणून ती मिळत नाही.

खाते उघडताना बँक निवडायची तर याच गोष्टी पाहा. दोन्ही गावांत शाखा आहे काय, घरपोच सेवा आहे काय, किमान शिल्लक किती लागते. बँक बुडाली तर एका ठेवीदाराला एका बँकेत ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासूनची. सहकारी बँकांनाही ते लागू आहे. पतसंस्थांना मात्र नाही, हे विसरू नका.

फॉर्मवरची एक ओळ

सगळ्यात महत्त्वाचा रकाना असतो तो खाते कोणी चालवायचे याचा. येथे घाईने खूण करणारे पुढे पस्तावतात.

‘जॉइंटली’ लिहिले तर प्रत्येक वेळी दोघांच्या सह्या लागतात. एकमेकांवर नजर राहते, पण एक आजारी पडला की खाते अडकते. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ म्हणजे पहिल्या नावाचा माणूस हयात असेपर्यंत तोच खाते चालवणार, दुसऱ्याला त्याच्या पश्चात हक्क. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ म्हणजे दोघांपैकी कोणीही केव्हाही पैसे काढू शकतो आणि एक वारला तर दुसऱ्याला रक्कम मिळते.

दोन वेगळ्या गावांत राहणाऱ्या बुजुर्गांना तिसरा प्रकारच सोयीचा. परंतु त्यात विश्वास लागतो. येथे आमच्या घरातही कुरबूर झाली. चाचांचा मुलगा म्हणाला, ‘अब्बांचे पैसे जास्त, मग उद्या सगळे फुफीच्या घरी गेले तर?’ त्याचा प्रश्न मला वाईट वाटला नाही. असा प्रश्न आधी तोंडावर विचारणारा बरा, नंतर कोर्टात विचारणारा वाईट.

आम्ही दोन गोष्टी केल्या. दर महिन्याच्या १० तारखेला या खात्यातून ५,००० रुपये चाचांच्या आणि २,५०० फुफीच्या स्वतःच्या खात्यात आपोआप जावेत अशी कायमची सूचना बँकेला दिली. म्हणजे संयुक्त खात्यात घरपट्टी-दुरुस्तीपुरतेच पैसे साठतात. आणि दुसरे, एका कागदावर लिहून ठेवले की या खात्यातील शिल्लक दोघांची असून हिस्सा दोनास एक आहे. खाली दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, आणि प्रत्येक घरात एक प्रत. व्यवहार लिहून ठेवावा ही शिकवण आपल्याला नवी नाही. आपण ती बाजारात पाळतो, घरात विसरतो.

हयात राहील तो मालक नव्हे

याबाबत आपल्या लोकांत मोठा गैरसमज आहे. संयुक्त खात्यातला एक माणूस वारला की बँक दुसऱ्याला पैसे देते आणि तिची जबाबदारी संपते. परंतु वारलेल्या माणसाचा जो हिस्सा होता त्यावर त्याच्या वारसांचा हक्क कायम राहतो. ज्याच्या हाती पैसे आले त्याच्याकडे ती अमानत असते. नॉमिनीचेही तसेच. नॉमिनी हा बँकेकडून पैसे घेणारा असतो, मालक होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बँक ठेवींबाबत स्पष्ट केले आहे. बेवा, मुली आणि बहिणी यांचे हक्क ‘माझे नाव पासबुकावर आहे’ या एका वाक्याने बुडवले गेल्याची उदाहरणे प्रत्येक मोहल्ल्यात सापडतील.

तरीही नॉमिनी जरूर नेमावा. संयुक्त खात्यात तो दोघेही वारल्यावरच कामाला येतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींवर चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात आणि प्रत्येकाचा टक्का लिहिता येतो. नॉमिनी किंवा हयात खातेदार असेल तर बँकेने वारसा दाखल्यासाठी अडवू नये आणि सर्व कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढावा, असे रिझर्व्ह बँकेचे २०२५ चे निर्देश आहेत.

व्याज आणि परदेशातले नातेवाईक

बचत खात्यावर व्याज जमा होतेच. त्या रकमेचे काय करावे हे ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारून ठरवावे. मी एवढेच सांगतो की तिचा हिशेब वेगळा लिहून ठेवा. व्याजाची नोंद सहसा पहिल्या नावाच्या पॅनवर होते, म्हणून पहिले नाव कोणाचे हेही विचार करून ठरवा.

ज्यांची मुले आखातात आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. व्हिडिओ तपासणीच्या वेळी ग्राहक भारतात हजर असावा लागतो, त्यामुळे दुबईत बसून हे काम होणार नाही. सुट्टीवर आल्यावर करून घ्यावे. परदेशात स्थायिक झालेल्या मुलाचे नाव आईबापांच्या खात्यात जवळचा नातेवाईक म्हणून जोडता येते, पण ते खाते आईबापांचेच राहते आणि मुलाने ते त्यांच्यासाठीच चालवायचे असते.

फोन कोणाच्या हाती?

खाते चालू झाल्यावर धोका संपत नाही. ओटीपी ज्याच्या फोनवर, खाते त्याच्या हाती. म्हणून नंबर बुजुर्गांचाच असावा. ‘तुमचे खाते बंद होणार आहे, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर तो बँकेचा नसतो, हे त्यांना दहा वेळा समजावून सांगा. पोलिसाचा गणवेश घालून व्हिडिओवर धमकावणारे लुटारूही निघाले आहेत. फसवणूक झाली तर शरमून गप्प न बसता लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा व बँकेला कळवावे.

आणि जुनी पासबुके फेकू नका. दोन वर्षे व्यवहार झाला नाही तर खाते निष्क्रिय होते, दहा वर्षांनी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. ती बुडत नाही, वारसांना मागता येते. अशी रक्कम शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये ‘उद्गम’ नावाची सोय सुरू केली आहे.

चाचा आता काठी घेऊन मशिदीपर्यंत जातात. गेल्या महिन्यात १० तारखेला फुफीचा फोन आला. तिला मोबाइलवरचा संदेश वाचता येत नाही, नातीने वाचून दाखवला होता. पैसे आल्याचे तिने सांगितलेच नाही. तिने चाचांची तब्येत विचारली, भावाला सलाम सांगितला, आणि शेवटी म्हणाली, ‘या खेपेला पावती मलाही मिळाली हो.’

एवढ्या वर्षांत तिने हिशेब कधी मागितला नव्हता. आम्हीच तो कधी दिला नव्हता.